रोपाला पाणी कोण घालणार?

शाळेत ३४ वर्षे इतिहास शिकवला तो सनावळ्यांचा, तहांचा आणि लढायांचा. पेपरात तेच विचारायचे, म्हणून शिकवायचे तेच. निवृत्त झाल्यावर मात्र मला भलतेच इतिहास वाचायची गोडी लागली. एखादी कल्पना माणसांच्या डोक्यात कधी आली, कोणी ती तपासून पाहिली, कुठे चुकले, कुठे सुधारले, असले इतिहास. आज त्यातलाच एक सांगते. विषय म्हातारपणाचा आहे, पण तरुण मंडळींनी पान बंद करू नये. खरे तर तुमच्यासाठीच लिहिते आहे.

तब्येत कशावर अवलंबून असते असे विचारले तर आपण म्हणू, खाणेपिणे, औषधे, व्यायाम आणि आईवडिलांकडून काय वारसा आला ते. या यादीत आणखी एक गोष्ट घालायला हवी असे काही मानसशास्त्रज्ञांना १९७०च्या सुमारास वाटू लागले. ती म्हणजे 'माझ्या आयुष्यातले काहीतरी अजून माझ्या हातात आहे' ही जाणीव. इंग्रजी पुस्तकांत यासाठी मोठमोठे शब्द आहेत. आपण साधे 'हातात असणे' म्हणू.

याची सुरुवात थोडी आधीची आहे. ज्युलियन रॉटर नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ साली २९ प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नात दोन विधाने असत आणि आपल्याला जे पटेल ते निवडायचे. जे घडते ते आपल्या करण्यामुळे घडते असे तुम्ही मानता, की नशिबाने आणि दुसऱ्यांच्या मर्जीने घडते असे मानता, याचा अंदाज त्यातून यायचा. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोघांचे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. वाचताना वाईट वाटते, पण सांगायला हवे. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या कुत्र्यांना तितकेच झटके मिळाले, पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले उडी मारून सुटले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथेच बसून झटके सोसत राहिले. वाट मोकळी होती, पण ती शोधण्याची उमेदच गेलेली. याला नाव पडले 'शिकलेली असहायता'.

आता या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून वृद्धांच्या नर्सिंग होमकडे जाऊ. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे हॉस्पिटल. अमेरिकेत मात्र ज्या म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळणे जमत नाही त्यांना जिथे कायमचे ठेवतात, ती ही जागा. कनेक्टिकट राज्यात हॅमडेन गावी आर्डन हाऊस नावाचे असे एक चारमजली नर्सिंग होम होते. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन तरुण मानसशास्त्रज्ञ बायकांनी तिथे केलेला प्रयोग १९७६ साली छापून आला. संस्था वाईट नव्हती हे लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या पाहणीत ती त्या भागातल्या उत्तम संस्थांत गणली जात होती. जेवण चांगले, नर्सेस प्रेमळ, स्वच्छता चोख. म्हाताऱ्यांना कशालाही हात लावावा लागत नसे.

त्यांनी दोन मजले निवडले. दोन्हीकडची माणसे ६५ ते ९० वयाची, तब्येतीने आणि घरच्या परिस्थितीने साधारण सारखी. चौथ्या मजल्यावरची ४७ आणि दुसऱ्या मजल्यावरची ४४. संस्थेचा व्यवस्थापक ३३ वर्षांचा, हसतमुख, सगळ्यांचा लाडका. त्याने दोन्ही मजल्यांवर सभा घेऊन एकेक छोटे भाषण केले.

चौथ्या मजल्यावर त्याने सांगितले की खोलीतले सामान कसे लावायचे ते तुम्ही ठरवा, वेळ कसा घालवायचा, कोणाकडे गप्पा मारायला जायचे ते तुम्ही ठरवा, काही पटत नसेल तर सांगा, तुमचे आयुष्य आहे. मग रोपांची एक पेटी फिरवली. रोप हवे का ते तुम्ही ठरवा, हवे असेल तर आवडेल ते उचला आणि त्याची निगा तुम्हीच राखा. सगळ्यांनी रोप घेतले. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आणि शुक्रवारी सिनेमा आहे, यायचे का आणि कोणत्या दिवशी यायचे तेही तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या मजल्यावरचे भाषणही तितकेच गोड होते. तुमच्या खोल्या आम्ही छान ठेवतो, तुम्हाला आनंदात ठेवणे ही आमची जबाबदारी आहे. इथेही रोपे वाटली, पण नर्स एकेकाच्या हातात एकेक देत गेली आणि त्यांना पाणी घालण्याचे कामही नर्सेसकडेच राहिले. सिनेमा यांनाही होता, फक्त कोणत्या दिवशी जायचे ते संस्था कळवणार होती.

बस्स, एवढाच फरक. अन्न तेच, औषधे तीच, नर्सेसचे प्रेम तेच, रोपसुद्धा तसेच. प्रश्न फक्त एवढा, की रोपाला पाणी कोण घालणार.

तीन आठवड्यांनी पाहणी झाली. माणसांना विचारले आणि नर्सेसनाही विचारले. कोणत्या मजल्यावर काय तपासले जाते आहे हे नर्सेसना सांगितलेले नव्हते. चौथ्या मजल्यावरचे ९३ टक्के लोक एकंदरीत सुधारलेले दिसले. दुसऱ्या मजल्यावर सुधारलेले फक्त २१ टक्के, आणि ७१ टक्के लोक तेवढ्या तीन आठवड्यांत आणखी खचलेले. बरणीत गोळ्या किती ते ओळखण्याची एक स्पर्धा ठेवली होती. त्यात चौथ्या मजल्यावरचे १० जण उतरले, दुसऱ्या मजल्यावरचा एकच. आम्ही शिक्षक वर्गात हात किती वर येतात त्यावरून वर्गाची तब्येत ओळखतो ना, तसेच हे!

पण ज्या आकड्यांमुळे हा प्रयोग जगभर गाजला ते पुढच्या वर्षी आले. दीड वर्षाने दोघी परत गेल्या. मधल्या काळात दुसऱ्या मजल्यावरच्या ४४ पैकी १३ माणसे वारली होती, म्हणजे ३० टक्के. चौथ्या मजल्यावरच्या ४७ पैकी ७, म्हणजे १५ टक्के. आधीच्या दीड वर्षात तिथले मृत्यूचे प्रमाण २५ टक्के होते. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, मासिकांत ही गोष्ट इतकी सांगितली गेली की 'कुंडीने आयुष्य वाढते' अशीच समजूत झाली.

इथे इतिहासाच्या मास्तरणीने जरा थांबले पाहिजे. १९७८ साली त्याच नियतकालिकात या लेखाची एक दुरुस्ती छापली गेली. मृत्यूच्या आकड्यांचे गणित करताना चूक झाली होती. नीट हिशेब केला तर दोन मजल्यांतला फरक इतका भक्कम ठरत नव्हता, योगायोगाला बरीच जागा राहत होती. शिवाय माणसे थोडी, संस्था एकच. त्यामुळे कुंडीने मरण लांबते असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. माणसे खुलली, उत्साही झाली, लोकांत मिसळू लागली हा भाग मात्र दुरुस्तीने पुसला गेला नाही. दुरुस्ती कोणी वाचत नाही आणि गोष्ट सगळे सांगतात, हे इतिहासात नेहमीचेच आहे.

आता त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग. तो फारसा कोणाला माहीत नसतो, पण मला त्यानेच जास्त विचारात पाडले. १९७६ सालीच रिचर्ड शुल्झ नावाच्या संशोधकाने वृद्धांच्या एका निवासात ४० जणांवर प्रयोग केला. कॉलेजची मुले या आजीआजोबांना भेटायला जायची. एका गटाने स्वतः ठरवायचे, मुलगा किंवा मुलगी कधी यावी आणि किती वेळ बसावी. दुसऱ्या गटाला ठरवता येत नसे, पण कधी येणार ते आधी कळवले जाई. तिसऱ्या गटाकडे मुले अचानक उगवत. चौथ्या गटाकडे कोणीच नाही. सुमारे दोन महिन्यांनी पाहिले तर पहिले दोन्ही गट खुलले होते. नुसते 'मंगळवारी येणार आहे' एवढे माहीत असले तरी माणूस बरा राहत होता. अचानक येणाऱ्यांचा मात्र, कोणीच न येण्यापेक्षा, विशेष उपयोग झाला नव्हता. (न कळवता धावती भेट देणाऱ्या भाचेमंडळींनी इथे लक्ष द्यावे!)

प्रयोग संपला, मुलांचे येणे थांबले. शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी दोन वर्षांनी, अडीच वर्षांनी आणि साडेतीन वर्षांनी परत तपासले. जे दोन गट सर्वांत जास्त खुलले होते, तेच सर्वांत जास्त कोसळलेले आढळले. ज्यांना काही मिळालेच नव्हते ते जिथे होते तिथेच होते.

दोन्ही प्रयोगांची सुरुवात सारखी आणि शेवट असा उलटा का? रोप त्या माणसाच्या खोलीत राहिले होते. संशोधक गेले तरी सकाळी उठून पाणी घालायचे ते आपणच. भेटी मात्र दुसऱ्याच्या हातात होत्या. ठरवण्याचा हक्क दिला तोही दुसऱ्यानेच, आणि एक दिवस काढून घेतला तोही दुसऱ्यानेच. चार दिवस दिलेला आणि मग काढून घेतलेला हक्क माणसाला जास्त मोडतो. याचा अर्थ हक्क देऊच नये असा नाही. द्यायचा असेल तर टिकणारा द्यावा, असा आहे.

पुढच्या काळातले थोडक्यात सांगते. १९८६ साली रोडिन यांनीच या साऱ्या कामाचा आढावा घेताना एक सावधगिरीही सांगितली. सगळ्यांना सगळे निर्णय हवे असतात असे नाही. नको असलेली जबाबदारी गळ्यात मारली तर तिचाही ताण होतो. १९९५च्या सुमारास अमेरिकेत हजारो माणसांची एक दीर्घ पाहणी सुरू झाली. त्यावरून मार्गी लॅकमन आणि सुझान वीव्हर यांनी १९९८ साली दाखवले की ज्यांचे उत्पन्न कमी त्यांना आयुष्य आपल्या हातात नाही असे जास्त वाटते, त्यांची तब्येतही जास्त खराब असते. पण कमी उत्पन्न असूनही ज्यांच्यात ही जाणीव पक्की होती, त्यांची तब्येत आणि समाधान पैसेवाल्यांच्या जवळपास होते.

आणि त्या कुत्र्यांच्या प्रयोगाचे काय झाले? २०१६ साली, जवळजवळ ५० वर्षांनी, मायर आणि सेलिग्मन या दोघांनीच लिहिले की आपण तेव्हा उलटे समजलो होतो. मधल्या काळात मेंदूचा बराच अभ्यास झाला होता. त्यावरून दिसले की त्रास लांबला की हातपाय गाळून बसणे हे शिकावे लागत नाही, ते आपोआपच होते. शिकावे लागते ते दुसरे, की आपल्या करण्याने काही बदलू शकते. म्हणजे हातात असण्याची जाणीव ही सरावाची गोष्ट आहे. मोडी लिपीसारखी. लिहिणे सोडले की जाते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपली परंपरा तर सांगते की वय झाले की सोडायला शिका. नव्या पिढीकडे किल्ल्या द्या, मन वर लावा. शुल्झ यांनीच युटा हेकहाउझेन यांच्याबरोबर १९९५ साली यावर एक मोठा लेख लिहिला आहे. हातात ठेवण्याचे दोन प्रकार असतात असे ते मांडतात. एक, जग आपल्याला हवे तसे बदलणे. दुसरा, जग बदलत नाही तेव्हा आपले मन आणि आपल्या अपेक्षा बदलणे. वय वाढते तसा दुसऱ्या प्रकाराचा आधार जास्त लागतो. आपल्या संतांनी आणि आज्यांनी हा दुसरा प्रकार चांगलाच घोटवला आहे. पण त्यात एक मेख आहे. सोडायचे ते आपण सोडायचे असते. आजी स्वतः म्हणाली, 'आता किल्ल्या तू घे,' तर ती तिची निवड. पण दुसऱ्याने, 'आई, आता तुम्ही कशात पडू नका, देवदेव करत स्वस्थ बसा,' असे म्हटले तर तो वैराग्याचा उपदेश राहत नाही. तो हुकूम होतो, कितीही मऊ आवाजात दिलेला असो.

'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. सगळे मुलांना देऊन टाकून रिकाम्या हाताने बसलेला म्हातारा आपण सर्वांनी डोळे पुसत पाहिला आहे. त्या नाटकामुळे आपल्या डोक्यात पक्के बसले की म्हातारपणाचे वाईट होते ते मुले वाईट निघाली म्हणून. मी माझ्या आसपास पाहते तेव्हा मला दिसते ते निराळे. मुले चांगली आहेत. सुना चांगल्या आहेत. आर्डन हाऊसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सेससारख्या चांगल्या. आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण वाईटाशी भांडता येते, प्रेमाशी कसे भांडायचे?

मग प्रेमाने करायचे तरी काय? याचे उत्तर मला आपल्या विदर्भातलेच सापडले. अमेरिकेतले प्रसिद्ध सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांच्या वडिलांचे मूळ गाव उटी. 'बीइंग मॉर्टल' या २०१४ सालच्या पुस्तकात त्यांनी आपल्या आजोबांविषयी लिहिले आहे. आजोबा जवळजवळ ११० वर्षे जगले. रोज रात्री झोपण्यापूर्वी घोड्यावर बसून आपल्या सगळ्या शेतांना फेरी घालायची हा त्यांचा नेम. शंभरीच्या माणसाने घोड्यावर बसायचे! आपण काय केले असते? घोडा विकला असता आणि प्रेमाने सांगितले असते की आता फेरी बंद. घरच्यांनी तसे केले नाही. दांडगा घोडा पाडेल या काळजीने त्यांना लहान चणीचा घोडा आणून दिला आणि फेरीला कोणीतरी नेहमी बरोबर जाईल असे पाहिले. वारले त्या वर्षापर्यंत आजोबांची फेरी चालू होती. काळजीही राहिली आणि लगामही आजोबांच्याच हातात राहिला. प्रयोगशाळेत न जाता त्या घराने हे ओळखले होते.

आता घरचे. माझी थोरली बहीण ८४ वर्षांची आहे. आमच्या नात्यातली मंडळी हे वाचतात, त्यामुळे कोणाविषयी लिहिते ते सांगायला नको. भावजी गेल्यावर ताईने गावचे घर एकटीने १२ वर्षे चालवले. लाइट बिल, घरपट्टी, नारळ उतरवायला माणूस बोलावणे, भाजीवालीशी घासाघीस, सगळे एकटीने. मागच्या पावसाळ्यात पाय मोडला आणि भाच्याने तिला पुण्याला आणले. सून लाखात एक आहे. ताईला पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो. गोळ्या दिवसावार डबीत भरलेल्या असतात. तिच्या बटव्यात पैसे नसतात, कारण ते लागतच नाहीत. पाय कधीच बरा झाला. पण 'आज भाजी कोणती करू?' असे विचारले तर ताई 'काहीही कर' म्हणते. भाजीवालीला चार आण्यांसाठी दोनदा परत पाठवणारी ताई!

आणि आता गावचे घर विकायचे की ठेवायचे यावर आपली व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. ग्रुपवर आपण १७ जण आहोत. ताई त्यात नाही. विकू नका असे मी म्हणत नाही. छप्पर गळते, लक्ष द्यायला कोणी नाही, मलाही कळते. कदाचित विचारल्यावर ताईच म्हणेल, विका. पण म्हणू दे तिला. सगळे ठरवून झाल्यावर सहीसाठी कागद पुढे करणे म्हणजे विचारणे नव्हे. घर तिच्या नावावर आहे म्हणून कायद्याने सही लागते, हा मुद्दा निराळा. सही हातात असणे आणि निर्णय हातात असणे यांत फार अंतर आहे.

आणि शुल्झ यांचा धडा विसरू नका. एकदा मोठ्या कौतुकाने विचारायचे, ताईने डोळ्यांत चमक आणून दहा गोष्टी सांगायच्या आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सगळे आपणच ठरवायचे, असे करणार असाल तर न विचारलेले बरे. टिकेल तेवढेच द्या, पण ते काढून घेऊ नका. महिन्याचे पेन्शन तिच्या हातात द्या, हिशेब तिला ठेवू दे. गोळ्यांची डबी तिला भरू दे, सुनेने नंतर हळूच पाहावे. मंडईत न्या, वेळ जास्त लागेल, लागू दे. भेटायला यायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करून तिलाच विचारा, कधी येऊ.

दिवाळीला सगळे पुण्यात जमणारच आहात. फराळ झाला की घराचा विषय ताईसमोर बसून काढा. तिला ऐकू कमी येते, तर जरा जवळ बसा आणि मोठ्याने बोला. उत्तर द्यायला तिला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबा.

बाकी वाचकमित्रांनीही लिहावे, तुमच्या घरी रोपाला पाणी कोण घालते ते. मी प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर देते, टंकायला वेळ लागतो इतकेच.